झाडावर चढण्याआधी : वृक्षछाटणीचा स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांसाठी

"झाड छाटायचे आहे, किती घ्याल?" असे विचारणाऱ्याला फोनवर कधीही आकडा सांगू नये. विचारणाऱ्याला बहुधा झाडाची जात ठाऊक नसते, उंची तो इमारतीच्या मजल्यांत सांगतो, आणि फांद्यांमधून गेलेली केबल, शेजाऱ्याचे पत्र्याचे शेड किंवा कुंपणाबाहेर रस्त्यावर आलेली फांदी यांचा उल्लेख करायचे हमखास विसरतो. पुण्यातील सोसायट्या आणि बंगले यांच्या आवारातील झाडे छाटण्याचे काम मी स्वतःच्या जबाबदारीवर करतो. आजवर माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांतील बहुतेक मी झाडावर चढण्यापूर्वीच करून बसलो होतो : पाहणी घाईने उरकली होती, परवाना न वाचता हातात घेतला होता, किंवा दर सांगताना ओंडके वाहून कोण नेणार हे विचारलेच नव्हते. म्हणून या लेखात पाहणीवर सर्वांत जास्त लिहिले आहे, आणि जो या व्यवसायात नव्याने उतरत आहे त्याने तो भाग सर्वांत सावकाश वाचावा.

पाहणी

पाहणीला जाताना सोबत मोजपट्टी, लाकडी हातोडी, हातभर लांबीची बारीक लोखंडी सळई, साधी दुर्बीण आणि वही असावी. ग्राहक आपल्याला गेटवरूनच फांदी दाखवू लागतो आणि आपली मान आपोआप वर जाते. ती वर जाऊ देऊ नये. आधी बुंध्याशी जावे, झाडाभोवती पूर्ण एक फेरी मारावी, आणि जमिनीलगतच्या दोन-तीन फुटांतील खोड, मुळे व माती नीट पाहावी. बुंध्याला चिकटून फरशी किंवा काँक्रीट घातले आहे का, गेल्या वर्ष-दोन वर्षांत जवळून ड्रेनेजची किंवा गॅसची लाइन टाकण्यासाठी चर खणला गेला आहे का, माती एका बाजूने उचलली गेली आहे का, या प्रश्नांची उत्तरे झाड स्वतः देत नसल्याने ती सोसायटीच्या वॉचमनकडून किंवा माळ्याकडून काढून घ्यावी लागतात. सेक्रेटरी बदलत राहतात, पण माळीकाका बहुधा तेच असतात, आणि चर कोणत्या बाजूने गेला हे त्यांना नेमके आठवत असते. एका बाजूची मुळे तुटलेले झाड वरून हिरवेगार दिसते आणि जूनच्या पहिल्या वाऱ्यात मुळासकट आडवे होते.

एका सोसायटीत मी गुलमोहराच्या छाटणीचा दर देऊन आलो होतो. झाड भरगच्च होते, पार्किंगवर आलेल्या तीन फांद्या काढायच्या होत्या, आणि मी त्या तीन फांद्याच पाहिल्या. कामाच्या दिवशी बुंध्याला टेकवून ठेवलेली जुनी स्कूटर हलवली, तेव्हा तिच्या मागे खोडाला लागून ताटलीएवढे तपकिरी, कडेने पांढरट, लाकडासारखे टणक कवक वाढलेले दिसले. हातोडीने ठोकत गेलो, तर एका बाजूला टणक आवाज येत होता आणि कवकाच्या बाजूला रिकामा डबा वाजवावा तसा पोकळ. सळई मुठीपर्यंत आत गेली. माझा सहकारी तोवर दोर खांद्यावर टाकून चढायच्या तयारीत उभा होता. त्या दिवशी आम्ही चढलो नाही. कमिटीला बोलावून ती सळई तशीच खोडात रुतलेली दाखवली, आणि झाड पूर्ण काढण्याच्या परवानगीसाठी अर्ज करायला सांगितले. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, वाढीला जलद आणि लाकडाने ठिसूळ. बुंध्याशी येणारी गॅनोडर्मा जातीची कवके त्याला आतून पोखरतात, आणि पानांवर त्याचा परिणाम फार उशिरा दिसतो. तेव्हापासून बुंध्याभोवतीच्या गाड्या, कुंड्या आणि अडगळ हलवल्याशिवाय मी दर देत नाही.

बुंधा झाला की मग वर पाहावे. दोन जाड खोडे जेथे फुटतात ते बेचके नीट न्याहाळावे : इंग्रजी 'यू' अक्षरासारखे पसरट बेचके सहसा भक्कम असते, पण अरुंद 'व्ही'च्या आकाराच्या बेचक्यात दोन्ही खोडांची साल आतल्या आत दबून राहते, लाकडाला लाकूड जुळत नाही, आणि वाऱ्याच्या दिवशी झाड तेथेच उभे फाटते. जुन्या शेंडामारीच्या खुणा, वाळलेल्या फांद्या, एखादी फांदी तुटून अडकून राहिलेली आहे का, हे सारे दुर्बिणीतून पाहून वहीत लिहावे. जातीप्रमाणे भरवसा बदलतो. चिंचेच्या मनगटाएवढ्या ओल्या फांदीवर माणूस निर्धास्त उभा राहू शकतो. शेवग्याच्या तेवढ्याच फांदीवर पाय ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रण, आणि सुबाभूळ व पीतमोहर यांच्यावरही मी फारसा विसंबत नाही.

मधमाश्या हा पाहणीचा वेगळा भाग समजावा. आग्या मोहोळ उंच फांदीच्या खालच्या अंगाला लटकलेले असते आणि दाट पानांत ते खालून दिसत नाही. म्हणून झाडाच्या चारही बाजूंनी, शक्य असेल तर समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून पाहावे. मोहोळ असेल तर चेनसॉचा आवाज आणि फांदीचा हादरा एवढे कारण माश्यांना पुरते. धूर करून हुसकावण्याचा प्रयोग आपण करू नये. हे काम करणारे प्रशिक्षित लोक असतात, आणि पुण्यात तर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, त्यामुळे योग्य माणूस शोधणे अवघड नाही. आंब्यावर आणि जांभळावर पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या जिवावर बेतत नाहीत, पण उंचावर त्या अंगभर चढल्या की माणूस दोर सोडून अंग झाडू लागतो, आणि धोका तेथे असतो.

पक्ष्यांची घरटीही याच वेळी पाहावीत. बगळे, वंचक आणि पाणकावळे शहरातल्या पर्जन्यवृक्षांवर वसाहती करून राहतात आणि पावसाळ्यात त्यांची पिले घरट्यात असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटीही संरक्षित आहेत. घरट्यात पिले असतील तर काम पुढे ढकलावे; "खाली गाड्या घाण होतात" ही तक्रार खरी असली, तरी त्यासाठी पिले जमिनीवर आपटू देणे योग्य नाही, आणि हे ग्राहकाला नम्रपणे पण ठामपणे सांगता आले पाहिजे.

परवानगी

शहरी भागातील झाडांना महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. या कायद्यात 'झाड तोडणे' या शब्दांत झाड जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा पोहोचवणे हे सारे येते, म्हणजे "आम्ही तोडत नाही, फक्त छाटतो" हा बचाव चालत नाही. झाड ग्राहकाच्या स्वतःच्या अंगणात असले, त्याच्या आजोबांनी लावलेले असले, तरी परवानगी लागतेच, आणि ती महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडून घ्यावयाची असते. मेलेले, रोगट, वाऱ्याने पडलेले, जीविताला वा मालमत्तेला धोका असलेले किंवा रहदारीला अडथळा करणारे झाड असेल तर परवानगी नाकारू नये असे कायदाच सांगतो. म्हणून अर्जासोबत कवकाचे, भेगेचे किंवा उचललेल्या मातीचे जवळून काढलेले छायाचित्र जोडावे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे व त्याहून अधिक वयाचे झाड 'प्राचीन वृक्ष' मानले जाते, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आली आहे. ही अट ग्राहकाला आधीच सांगावी, कारण साठ वर्षांचा आंबा तोडण्याचा हट्ट धरणारे अनेक जण साठ रोपे लावण्याचा विचार करताच छाटणीवर समाधान मानतात.

अर्ज मालकाने किंवा सोसायटीने आपल्या नावाने करावा. आपण फार तर मजकूर लिहून द्यावा. परवाना हातात आल्यावर तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा : कोणते झाड, किती फांद्या, पूर्ण तोड की छाटणी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. त्याची छायाप्रत कामाच्या ठिकाणी खिशात असावी, कारण करवतीचा आवाज ऐकून शेजारी येतात आणि त्यांना विचारण्याचा अधिकार आहे. असे विचारणाऱ्याशी हुज्जत न घालता मी परवाना त्यांच्या हातात देतो. नंतर त्यांपैकी दोघे-तिघे माझे ग्राहक झाले.

गावाकडील खासगी जमिनीवरील झाडांसाठी १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा वेगळा कायदा आहे आणि त्याच्या अनुसूचीत साग, खैर, आंबा, फणस, जांभूळ, चिंच अशी नेहमीची झाडे आहेत. लाकूड टेम्पोत भरून रस्त्यावर काढायचे झाले, तर काही मोकळीक दिलेल्या जाती सोडून वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो. हा परवाना नसलेला टेम्पो नाक्यावर अडला, तर लाकूड कोणाचे हे विचारले जात नाही. गाडी ज्याची आणि सोबत जो, तो अडकतो.

दर ठरवणे

नवे लोक झाडाच्या उंचीवरून दर लावतात. अनुभवाने असे दिसते की उंचीपेक्षा फांदी कोठे पडणार यावर खर्च ठरतो. मोकळ्या शेतातील चाळीस फुटी निलगिरी दोन माणसे दुपारपर्यंत पाडून मोकळी होतात. पण दोन इमारतींच्या मधल्या बोळातील वीस फुटी आसूपालव तुकड्यातुकड्याने दोराने उतरवावा लागतो आणि त्यात चार माणसांचा पूर्ण दिवस जातो. म्हणून हिशेब असा मांडावा : किती माणसे, किती दिवस, कोणती यंत्रे, टेम्पोच्या किती फेऱ्या, पालापाचोळा टाकायचा कोठे, आणि लाकूड कोणाचे. शेवटचा मुद्दा बोलून ठेवला नाही तर भांडण ठरलेले. काही ग्राहक लाकूड आपल्याकडे ठेवतात, काही ते आपण नेऊन दरातून वजा करावे अशी अपेक्षा करतात. गुलमोहराच्या लाकडाला वखारीत फारसे कोणी विचारत नाही आणि आंब्याच्या किंवा सागाच्या ओंडक्याला मात्र गिऱ्हाईक असते, हे लक्षात ठेवूनच बोलावे.

दर नेहमी लेखी द्यावा, आणि त्यात काय करणार आहोत यासोबत काय करणार नाही हेही लिहावे : बुंध्याचा खुंट उपटून काढणे समाविष्ट नाही, फरशीची दुरुस्ती समाविष्ट नाही, वीजपुरवठा बंद करवून घेण्याची जबाबदारी ग्राहकाची. मी एक तृतीयांश रक्कम आगाऊ घेतो आणि उरलेली काम संपल्यावर त्याच दिवशी मागतो. सोसायटीचा चेक मात्र दोन सह्यांचा असतो आणि दुसरी सही करणारे गृहस्थ गावाला गेलेले असतात, म्हणून कामाची तारीख ठरवतानाच चेकची तारीख ठरवून घ्यावी. मोठ्या सोसायट्या बिलातून टीडीएस कापतात : व्यक्ती ठेकेदारासाठी तो १ टक्का असतो, आणि एका बिलात ३०,००० रुपयांहून किंवा वर्षभरात मिळून १ लाखाहून जास्त रक्कम झाली की तो लागू होतो. पॅन दिला नाही तर हीच कपात २० टक्क्यांवर जाते. कापलेला टीडीएस विवरणपत्र भरून परत मिळवता येतो, पण आमच्यातील कितीतरी जण तो तसाच सोडून देतात. वर्षातून एकदा ते विवरणपत्र भरावेच. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर सेवांसाठी जीएसटी नोंदणीची सक्ती नाही.

वीज

फांद्यांमध्ये विजेची तार असेल, तर इतर सर्व तयारी बाजूला ठेवून आधी तिचा निकाल लावावा. ग्राहकाने वितरण कंपनीकडे लेखी अर्ज देऊन पुरवठा बंद करण्याची वेळ घ्यावी, वायरमन प्रत्यक्ष जागेवर यावा, त्याने आपल्यासमोर लाइन बंद करून दाखवावी, आणि काम संपल्याचे आपण सांगेपर्यंत ती चालू करू नये, असे ठरवून घ्यावे. "मी सबस्टेशनला फोन केला आहे, करा सुरू" एवढ्या तोंडी शब्दावर झाडावर चढू नये. लाइन बंद असतानाही एखाद्या दुकानाच्या जनरेटरमधून किंवा घरच्या इन्व्हर्टरच्या चुकीच्या जोडणीतून उलटा प्रवाह तारेत येऊ शकतो, म्हणून तार तपासून तिला अर्थिंग केल्याची खात्री वायरमनकडूनच करून घ्यावी. ओली फांदी, ओला बांबू आणि ओला दोर यांतून वीज वाहते. अॅल्युमिनियमची शिडी आणि लोखंडी दांड्याची आकडी तारेच्या आसपास आणूच नये. उच्च दाबाच्या तारेला तर स्पर्श होण्याचीही गरज नसते, पुरेसे जवळ जाणे घातक ठरते. ११ हजार व्होल्टच्या लाइनखालचे झाड मी घेत नाही. ते काम कंपनीच्या माणसांनीच करावे.

कामाचा दिवस

सकाळी सात वाजता जागेवर पोहोचावे. प्रथम खालची जागा रिकामी करून दोरी बांधावी, गाड्या हलवाव्यात, आणि मुलांच्या शाळेच्या बसची वेळ वॉचमनकडून विचारून घ्यावी. तळाशी उभा राहणारा माणूस हा वर चढणाऱ्याइतकाच अनुभवी असला पाहिजे. रोजंदारीवर नवा आलेला मुलगा खाली दोर धरायला ठेवावा आणि अनुभवी माणसाने वर चढावे, अशी सर्वसाधारण पद्धत आहे आणि ती मला पूर्णपणे चुकीची वाटते, कारण फांदी सुटल्यावर पुढच्या दोन सेकंदांत काय करायचे ते खालच्यालाच ठरवावे लागते.

वजनाचा अंदाज ही शिकण्याची गोष्ट आहे. एक फूट जाडीचा आणि दहा फूट लांबीचा ओला ओंडका सुमारे दोनशे किलो भरतो. खालून तो तेवढा वाटत नाही. हा ओंडका कप्पीतून उतरवताना कप्पी ज्या फांदीला बांधली आहे तिच्यावर जवळपास दुप्पट भार येतो, कारण एका बाजूने ओंडका आणि दुसऱ्या बाजूने त्याला धरणारा दोर, दोघेही तिला खाली ओढतात. आणि ओंडका थोडा जरी खाली पडून मग दोरावर आला, तर झटक्याचा भार त्याच्याही कितीतरी पट होतो. म्हणून तुकडे लहान करावेत. दोर दुसऱ्या भक्कम खोडाला दोन-तीन वेढे देऊन सैल सोडत न्यावा. तो हाताला किंवा कमरेला कधीही गुंडाळू नये. माणसाच्या चढण्याचा दोर वेगळा आणि ओंडके उतरवण्याचा वेगळा असावा, दोघांचे रंग वेगळे असावेत, आणि ज्या दोराने एकदा ओंडक्याचा झटका खाल्ला आहे त्यावर माणूस लटकवू नये.

वर असताना करवत चालवण्यापूर्वी शरीर दोन ठिकाणी बांधलेले असावे : एक मुख्य दोर आणि दुसरा खोडाभोवतीचा पट्टा. पट्ट्यात पोलादी तार असलेला उत्तम, कारण साध्या पट्ट्याला चेनसॉची साखळी नुसती लागली तरी तो तुटतो. चेनसॉ दोन्ही हातांनी धरावी, खांद्याच्या वर उचलू नये, आणि शिडीवर उभे राहून तर मुळीच चालवू नये. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र क्षणात तोंडाकडे उसळते. अनेक गंभीर जखमा याच कारणाने होतात. हेल्मेट, डोळ्यांवर जाळी, कानांवर आच्छादन, बूट आणि साखळी अडवणारी पँट हा खर्च यंत्राच्या किमतीत धरूनच यंत्र विकत घ्यावे. गळ्यातला रुमाल आणि सैल शर्ट घरी ठेवावा.

काप कसा घ्यावा

जाड फांदी एका कापात काढली तर ती निम्मी कापल्यावर स्वतःच्या भाराने तुटते आणि खोडाची साल हातभर खाली सोलून नेते. ती जखम भरत नाही. त्यासाठी तीन काप घ्यावेत : पहिला खोडापासून फूटभर अंतरावर खालून वर, फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून खाली, म्हणजे फांदी सालीला धक्का न लावता सुटते, आणि तिसरा उरलेल्या खुंटाचा. हा तिसरा काप झाडाचे पुढचे आयुष्य ठरवतो. फांदी आणि खोड यांच्या सांध्याशी सुरकुतलेला फुगवटा असतो. काप त्या फुगवट्याच्या लगेच बाहेर घ्यावा. खोडाशी सपाट कापले तर फुगवटा जातो आणि जखम मोठी होते, लांब खुंट ठेवला तर तो कुजून कूज आत नेतो. फुगवटा राखून कापलेल्या जागी दीड-दोन पावसाळ्यांत कडेने साल वळून येताना दिसते, एखाद्या गोल चौकटीसारखी. आपण पूर्वी छाटलेल्या झाडाशी जाऊन ती वळी बोटाने चाचपून पाहावी, त्यातून जितके शिकायला मिळते तितके सांगून समजत नाही.

कापावर डांबर किंवा ऑइलपेंट फासण्याची प्रथा सोडून द्यावी. झाड जखम भरून काढत नाही, ते जखमेभोवती आतून भिंत घालून कूज कोंडून ठेवते, हे अमेरिकेच्या वनखात्यातील संशोधक अॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून दाखवले, आणि वरून फासलेल्या लेपाने त्या भिंतीला मदत होत नाही. फळबागेत मात्र परिस्थिती वेगळी असते : आंब्यासारख्या झाडावर मोठे काप घेतल्यावर बुरशीपासून बचावासाठी बोर्डो पेस्ट लावण्याची शिफारस आहे, आणि त्यासाठी १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना १० लिटर पाण्यात असे प्रमाण घेतात. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करावेत. लोखंडी भांडे वापरू नये.

एका वेळी पर्णसंभाराचा पाव हिस्सा ही वरची मर्यादा मानावी. ग्राहक म्हणतो, "दादा, आता आलाच आहात तर अर्धे उतरवूनच टाका, म्हणजे पाच वर्षे बघायला नको." त्याला शांतपणे समजावून सांगावे की शेंडा मारलेले झाड कापाखालून डझनावारी धुमारे फोडते, ते धुमारे जुन्या लाकडात रुजलेले नसून वरवर चिकटलेले असतात, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी तेच जाड होऊन वाऱ्याने खाली येतात, म्हणजे जो धोका टाळायचा होता तो दुपटीने उभा राहतो. बहुतेक लोक ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांचे काम सोडावे. वटपौर्णिमेच्या आधी बाजारात विकण्यासाठी वडाच्या फांद्या तोडून मागणारे लोक येतात, त्यांनाही मी नाहीच म्हणतो. आणि वडाच्या जमिनीत रुजलेल्या पारंब्या "अडचण होते" म्हणून कापायला सांगितल्या, तर आडव्या फांद्यांचा तो खांब आहे हे दाखवून परावृत्त करतो. पिंपळ किंवा औदुंबर तोडायला आपली माणसे तयार नसतील तर त्यांना भरीस घालू नये. परवाना असतो, झाड खरोखर धोकादायक असते, तरीही नारळ फोडून, नमस्कार करून मगच ती हात लावतात; ती पाच मिनिटे द्यावीत.

पूर्ण झाड पाडताना पडण्याच्या दिशेला खोडाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकी खाच घ्यावी, मागचा काप खाचेच्या तळापेक्षा किंचित वर ठेवावा, आणि मधे जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतके लाकूड बिजागरीसारखे राखावे. ते आरपार कापले की झाडावर आपला ताबा उरत नाही. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कोणी नसावे, आणि आपली मागे तिरकस पळण्याची वाट आधीच साफ केलेली असावी.

नारळाचे सारे नियम निराळे. त्याच्या खोडाला झालेली जखम कधीच भरून येत नाही, म्हणून चढण्यासाठी खाचा पाडू नयेत आणि खिळ्यांचे बूट वापरू नयेत. हिरव्या झावळ्या तोडून "साफ" केलेला माड देखणा दिसतो पण उपाशी राहतो : प्रत्येक झावळीच्या बेचक्यातून एक पोय, म्हणजे फुलोरा, येते, त्यामुळे तोडलेली झावळी म्हणजे गेलेला घड. फक्त वाळलेल्या झावळ्या, तयार नारळ आणि सुकलेल्या पोया काढाव्यात. शेंड्याशी चावलेला भुसा किंवा पानांवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले तर गेंड्या भुंगा आहे असे समजून मालकाला सांगावे. कोकण-गोव्यातील पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारे, पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आले. आता त्यांची मुले त्यात उतरत नाहीत, म्हणून नारळ विकास मंडळाने २०११ पासून यंत्राने माडावर चढण्याचे प्रशिक्षण सुरू केले, आणि चढणाऱ्यांसाठी 'केरा सुरक्षा' नावाची विमा योजनाही आहे.

यंत्र, विमा आणि वही

भुसा पिठासारखा बारीक पडू लागला की साखळीची धार गेली असे समजावे. धारदार साखळी जाड किस काढते आणि स्वतःहून लाकडात उतरते. प्रत्येक टाकी भरताना गोल कानसीचे दोन-तीन हात प्रत्येक दाताला द्यावेत, कानस साखळीच्या मापाचीच असावी. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइलचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे घ्यावे : ५०:१ असेल तर लिटरला २० मिलिलिटर, २५:१ असेल तर ४०. हल्लीच्या पेट्रोलमधील इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते, त्यामुळे पावसाळ्यात यंत्र महिनाभर ठेवायचे असल्यास टाकी रिकामी करून ठेवावी.

विम्याच्या बाबतीत आपण लोक फार निष्काळजी आहोत, आणि हे मी दुःखाने लिहितो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यूला २ लाखांचे संरक्षण मिळते. १८ ते ७० वयाच्या आपल्या प्रत्येक माणसाच्या बँक खात्यातून तो कापला जातो की नाही, हे ठेकेदाराने स्वतः पासबुक पाहून तपासावे. तेवढ्याने भागत नाही : कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची पॉलिसी या दोन्ही घ्याव्यात, आणि अर्जात 'बागकाम' असे न लिहिता 'उंचावर झाडे छाटणे' असे स्पष्ट लिहावे, नाहीतर दाव्याच्या वेळी तोच शब्द आडवा येतो. कामाच्या ठिकाणी जाड पट्ट्या आणि स्वच्छ कापड हाताशी असावे, १०८ क्रमांकावर पत्ता कोण सांगणार हे सकाळीच ठरलेले असावे, आणि वर बेशुद्ध झालेल्या माणसाला खाली आणता येईल असा दुसरा चढणारा व दुसरा दोर रोज जागेवर असावा.

फोन येतात ते एप्रिल-मे महिन्यांत, सगळे एकदम, पाऊस तोंडावर आलेला असताना. त्याच उन्हात भरपूर पाने काढलेल्या खोडाची साल भाजते, परवाना वेळेवर मिळत नाही, आणि घाईत माणसे जखमी होतात. म्हणून प्रत्येक झाडाची नोंद वहीत ठेवावी : पत्ता, जात, बुंध्याचा घेर, काय काढले, काय राखले, पुढे काय लागेल. दिवाळी उरकली की ती वही उघडून जुन्या ग्राहकांना आपण होऊन फोन करावेत, आणि पानगळीच्या झाडांची कामे डिसेंबर ते फेब्रुवारीत उरकावीत. पाने नसल्याने फांद्यांची ठेवण स्पष्ट दिसते, दोर सरळ टाकता येतो, आणि आपल्यालाही वर्षभर काम मिळते. संध्याकाळी घरी आल्यावर दोर पूर्ण लांबीने हातातून सरकवत तपासावा, कोठे मऊ पडला आहे, कोठे आवरण फाटले आहे ते बोटांनी चाचपावे, ओला असेल तर सावलीत पसरून वाळवावा, आणि शंका आली तेथे त्याच क्षणी कापून तो भाग बाजूला टाकावा, म्हणजे सकाळच्या घाईत कोणी तोच उचलून नेणार नाही.